मांडीवरचे मूल आणि ताब्यातले मूल

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला, दहाव्या वर्षात असलेला यशवंतराव कोल्हापूरच्या राजघराण्यात दत्तक गेला आणि त्याचे नाव शाहू झाले, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते; परंतु त्या दिवशी नात्यांची जी विलक्षण उलथापालथ झाली तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांचा तो पुत्र झाला ते चौथे शिवाजी महाराज त्याआधी तीन महिन्यांच्या आतच अहमदनगरच्या किल्ल्यात निवर्तले होते, आणि दत्तविधान केले ते त्यांच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेब यांनी. उलटपक्षी ज्यांच्या पोटी तो जन्मला ते जयसिंगराव आबासाहेब घाटगे हयात होते, इतकेच नव्हे, तर रीजंट या नात्याने संस्थानचा कारभारच त्यांच्या हाती होता. म्हणजे जो पिता डोळ्यांसमोर वावरत होता तो शास्त्राने पिता उरला नाही, आणि जो या जगात नव्हता तो पिता ठरला. पुढे १८८६ साली आबासाहेब वारले. मुलगा राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वाढला. त्याने काय वाचावे, कोणाच्या संगतीत राहावे, प्रवासास कोठे जावे हे फ्रेझरसाहेब पाहत. परंतु म्हणून त्यांच्या नावाचा, वंशाचा वा मिळकतीचा एक कणही शाहूंकडे आला नाही, आणि येण्याचे काही कारणही नव्हते.

एकाच मुलाच्या आयुष्यात दत्तक आणि ताबा या दोन गोष्टी इतक्या स्वच्छपणे विलग झालेल्या क्वचितच पाहावयास मिळतात. सामान्य संसारात त्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की, थोरल्या भावाच्या पश्चात त्याच्या मुलाला धाकट्याने दहा-बारा वर्षे पोटच्या पोरासारखे वाढविले म्हणजे तो ‘दत्तकच’ झाला असे भावकी समजते, आणि घटस्फोटाच्या दाव्यात मूल आईकडे राहण्याचा हुकूम झाला म्हणजे बापाचे त्याच्याशी नाते तुटले असे दोन्हीकडचे नातेवाईक समजू लागतात. वस्तुतः या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर दत्तक देते; मूल कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर ताबा देतो. पहिले उत्तर एकदाच आणि कायमचे असते, दुसरे परिस्थितीनुसार कितीही वेळा बदलू शकते.

दत्तकाचा इतिहास आपल्याकडे बराचसा वतन, गादी आणि पिंडदान यांच्या भोवती फिरला, यात नवल नाही. विधवेने पतीच्या अनुज्ञेवाचून दत्तक घ्यावा की नाही, याविषयीच्या वसिष्ठांच्या एकाच वचनातून बंगालने एक अर्थ काढला, मद्रासने दुसरा, मिथिलेने तर विधवेला तो अधिकारच नाकारला. आणि नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाचा ज्यांवर पगडा होता त्या महाराष्ट्र-गुजरातेत मात्र पतीने मनाई केलेली नसेल तर तिला दत्तक घेता येतो, असा अधिक उदार अर्थ रूढ झाला. डलहौसीने सातारा, नागपूर आणि झाशी ही राज्ये दत्तकाच्याच प्रश्नावर खालसा केली, तो इतिहास इतका परिचित आहे की येथे विस्ताराचे प्रयोजन नाही. मात्र या सर्व काळात मुलाचे हित हा विषय कोठेही अग्रस्थानी नव्हता. निपुत्रिकाची गती, वतनाची सनद आणि विधवेचा निर्वाह यांची काळजी शास्त्र्यांनी केली, वकिलांनी केली, प्रिव्ही कौन्सिलनेही केली. ज्याला एका मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवले जाई त्याला मात्र कोणी विचारीत नसे.

तरीही त्या जुन्या विधीतला एक क्षण आजच्या कायद्यानेही जसाच्या तसा उचलला आहे. दत्तविधानात घेणारा देणाऱ्यासमोर जाऊन मुलाची याचना करतो, देणारा ‘दिला’ म्हणतो, घेणारा त्याला दोन्ही हातांनी स्वीकारून मांडीवर बसवितो आणि त्याचे मस्तक हुंगतो. मग होम होतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोम अनावश्यक ठरविला, परंतु मूल प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे ही अट कायम ठेवली. एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात त्याला सोपविण्याचा हेतू त्या कृतीतून दिसला पाहिजे. या गोष्टीचे महत्त्व कचेरीच्या आवारात लक्षात येते. तहसीलदार कचेरीबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या लेखनिकाकडून स्टँपपेपरावर ‘दत्तकपत्र’ टंकून घेतले, नोटरीचा शिक्का मारला, की काम झाले असे मानून घरी परतणारी माणसे आजही कमी नाहीत. तो कागद दत्तकाचा पुरावा होऊ शकतो, दत्तक होऊ शकत नाही. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले असेल, तर दत्तक कायदेशीर झाला असे न्यायालय प्रथमदर्शनी गृहीत धरते. नुसत्या नोटरीच्या कागदाला तो मान नाही, आणि देण्या-घेण्याची कृतीच घडलेली नसेल तर नोंदणीनेही भागत नाही.

शिवाय द्यावयाचे कोणी, हाही प्रश्न आहे. या कायद्याप्रमाणे मूल देण्याचा अधिकार आईबापांचा, तोही एकमेकांच्या संमतीने. ते दोघेही नसतील तर पालक ते देऊ शकतो, परंतु न्यायालयाची पूर्वपरवानगी काढूनच. तेव्हा पोरक्या पुतण्याला ‘दत्तक घेतले’ म्हणणाऱ्या चुलत्याने त्याला नेमके कोणाच्या हातून घेतले, असे उद्या कोणी वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यापुढे विचारले, तर त्या बिचाऱ्यापाशी उत्तर नसते. आणि त्याला स्वतःचा मुलगा असेल तर या कायद्याखाली मुलगा दत्तक घेताच येत नाही. मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. मूल पंधरा वर्षांच्या आतील व अविवाहित हवे, हीदेखील अट आहे, मात्र रूढी असेल तेथे ती शिथिल होते. आणि गंमत अशी की मयूखाच्या छायेखालच्या आपल्या मुलखात लग्न झालेला, मुले असलेला बाप्यासुद्धा दत्तक जात असे, व जुन्या मुंबई इलाख्यातील ही रूढी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मान्य केली.

एकदा दत्तक सिद्ध झाला की त्याचे परिणाम मात्र वज्रलेप असतात. त्या तारखेपासून मूल जन्मकुळातून उठते आणि दत्तक घराण्यात जन्मल्यासारखे मानले जाते. जन्मदात्याच्या पुढच्या वारशावर त्याचा हक्क राहत नाही. दत्तकापूर्वीच जी मिळकत त्याच्या नावे झालेली असेल तेवढी त्याच्याबरोबर येते. उलट, दत्तक घराण्यात जी मिळकत आधीच दुसऱ्या कोणाची होऊन चुकली ती दत्तक आल्यामुळे कोणाच्या हातून सुटत नाही. जन्मकुळाचे सारे पाश तुटले तरी एक राहतोच: ज्या नात्यात तेथे विवाह निषिद्ध होता तो दत्तक गेल्यावरही निषिद्धच. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की कायदेशीर दत्तक रद्द करता येत नाही. घेणाऱ्याला पश्चात्ताप झाला, देणाऱ्याला मूल परत हवेसे वाटले, मूल स्वतः मोठे होऊन कंटाळले, तरी कोणालाही माघार नाही. पोटच्या मुलाला जसे ‘आता तू माझा नाहीस’ म्हणून मोकळे होता येत नाही, तसेच हे.

अनाथाश्रमातून मूल घेण्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो धर्मनिरपेक्ष आहे. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस मूल दत्तक घेता येते, असे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सध्याचा कायदा २०१५ चा असून, दत्तकाचा हुकूम देण्याचे काम २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून काढून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविलेले आहे. येथे मांडीवर देणारे आईबाप नसतात. त्यांच्या जागी बाल कल्याण समिती असते, जी चौकशीअंती मूल ‘दत्तकमुक्त’ झाल्याचे जाहीर करते. स्वतः होऊन मूल सोपविणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात, आणि ही मुदत कायद्यातल्या अत्यंत माणुसकीच्या तरतुदींपैकी एक आहे असे मला वाटते. घेऊ इच्छिणाऱ्यांनी केंद्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे बोलण्यातल्या ‘कारा’च्या, यादीत नाव नोंदवावयाचे, सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन गृहभेटीचा अहवाल लिहिते, आणि मग वाट पाहणे सुरू होते. ती संपते एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या एका छायाचित्राने आणि वैद्यकीय अहवालाने. त्या मुलाला होकार देण्यास ४८ तास असतात. जोडप्याच्या वयांची बेरीजसुद्धा पाहिली जाते: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ च्या वर चालत नाही. मूल घरी आल्यावरही दोन वर्षे संस्थेचे माणूस दर सहा महिन्यांनी डोकावून जाते. पुष्कळ जोडप्यांना हा सारा सोपस्कार जाचक वाटतो. परंतु ज्या निर्णयाला सहसा परतीची वाट नाही त्याच्या दाराशी थोडी गर्दी असणेच बरे.

ताब्याचे जग याहून सर्वस्वी निराळे आहे. तेथे आईबाप दोन्ही असतात आणि दोघेही मुलाचे आईबापच राहतात. फुटतो तो संसार, आणि त्या फुटलेल्या संसारात मुलाचे अंथरूण कोठे घालावयाचे एवढाच न्यायालयापुढचा प्रश्न असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, हाही १९५६ चाच, वडिलांना नैसर्गिक पालक म्हणतो आणि ‘त्यांच्यानंतर’ आईला. त्या दोन शब्दांचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच नसून, ते लक्ष घालीत नसतील किंवा घालू शकत नसतील तेव्हाही आई पालक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सांगितले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असेही त्याच कलमात आहे. तथापि या सगळ्यांवर मात करणारे एक तत्त्व आहे, ते म्हणजे मुलाचे कल्याण. त्यापुढे बापाचा हक्क, आईचा हक्क, आजीचे अश्रू, पगाराचा दाखला, यांतले काहीच निर्णायक ठरत नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून त्याचे मन जाणून घेतात.

कौटुंबिक न्यायालयाच्या इमारतीत मुलांसाठी एक खोली राखलेली असते. भिंतीवर कार्टूनची चित्रे, कोपऱ्यात चाक निखळलेली मोटार, छोट्या खुर्च्या. भेटीच्या दिवशी बाप तेथे खाऊचा पुडा घेऊन येतो, आई मुलाला दाराशी सोडून बाहेरच्या बाकावर बसते, आणि समुपदेशक बाई घड्याळ पाहत नसल्यासारखे दाखवून पाहत असतात. कोठे आठवड्याची भेट, कोठे महिन्यातले दोन शनिवार, कोठे दिवाळीची अर्धी सुटी इकडे नि अर्धी तिकडे. या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच की, ज्याच्याकडे ताबा नाही तोही पालक आहे. पोटगी त्याने द्यावयाची, त्याच्या मिळकतीत मुलाचा वारसाहक्क शाबूत, जन्मदाखल्यावर त्याचे नाव शाबूत. आणि हुकूमही कधी शेवटचा नसतो: परिस्थिती पालटली, बदली झाली, मूल आजारी पडले, कोणी पुन्हा लग्न केले, तर अर्ज करून तो फिरवून घेता येतो. ताब्याचे प्रकरण मूल सज्ञान होईपर्यंत खऱ्या अर्थाने दप्तरदाखल होतच नाही.

ताबा असलेल्या आईने पुनर्विवाह केला म्हणजे तिचा नवा पती मुलाचा बाप होतो, ही अशीच एक भाबडी समजूत. तो फार तर त्याच घरात राहणारा, कदाचित अत्यंत प्रेमळ, असा गृहस्थ असतो. शाळेच्या फॉर्मवर त्याचे आडनाव लावल्याने तो बाप ठरत नाही; ठरावयाचा असेल तर दत्तकच हवा, आणि पहिला बाप हयात असेल तर त्याची संमती हवी. पहिला पती निवर्तलेला असेल तर गोष्ट सोपी आहे. अशा एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाचे आडनाव ठरविण्याचा आणि त्यास नव्या पतीला दत्तक देण्याचा आईचा अधिकार मान्य केला.

दत्तक आणि ताबा या दोहोंच्या मध्ये तिसरी एक जागा आहे, ती न्यायालयाने नेमलेल्या पालकाची. तिचा कायदा १८९० चा. ख्रिस्ती, पारशी आणि मुसलमान कुटुंबांना दत्तकाचा कायदाच नव्हता, म्हणून अनाथाश्रमातून आणलेल्या मुलाचे ते कित्येक दशके फक्त ‘पालक’ होऊ शकत; मूल सज्ञान झाले की पालकत्व संपे, आणि मृत्युपत्र न करता माणूस गेला तर ज्या मुलाने त्याला जन्मभर बाबा म्हटले ते वारसांच्या यादीत कोठेच नसे. सर्वांना लागू होईल असे दत्तकाचे विधेयक १९७२ मध्ये आले आणि बारगळले, १९८० मध्ये आले आणि पुन्हा बारगळले. परदेशी जोडपीही याच १८९० च्या कायद्याने येथे पालक होत, मूल घेऊन जात आणि आपापल्या देशात त्याला दत्तक घेत. मधल्या काळात ते मूल धड कोणाचेच नसे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून हा प्रकार निदर्शनास आणला आणि १९८४ साली न्यायालयाने त्यासाठी नियम घालून दिले. पुढे २००३ मध्ये आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग कराराला भारताने मान्यता दिली. पण मुलांना एका पालकाने परस्पर देशाबाहेर नेण्याविषयीचा जो १९८० चा दुसरा हेग करार, त्यावर भारताची सही नाही; म्हणून न्यू जर्सीत घर फुटलेल्या एखाद्या पुणेकर जोडप्यातली आई मूल घेऊन माहेरी आली, तर तिकडच्या न्यायालयाचा ताब्याचा हुकूम येथे आपोआप अमलात येत नाही. येथले न्यायालय पुन्हा मुलाच्या हिताचाच प्रश्न आरंभापासून विचारते.

आता माझे मत सांगतो. दत्तक हे प्रेमाचे श्रेष्ठ रूप आणि पालकत्व हे त्याचे दुय्यम, उष्टे रूप, अशी जी एक भावना आपल्या समाजात आहे, ती मुलांच्या मुळावर येते. कोविडच्या साथीत आईबाप गमावलेल्या मुलांविषयी २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर ‘दत्तक घ्या’ असे संदेश फिरू लागले तेव्हा सरकारला जाहीर इशारे द्यावे लागले, कारण असे परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे. त्यातल्या बहुसंख्य मुलांना नव्या आईबापांची गरजच नव्हती. त्यांना आजी होती, मामा होता, चुलता होता. गरज होती ती मामाच्या अंगणात निर्वेध वाढता येईल अशा कायदेशीर पालकत्वाची, सरकारने मुलाच्या नावे ठेवलेल्या पाच लाखांच्या ठेवीचा नीट सांभाळ होण्याची, आणि बालसंगोपन योजनेतून दरमहा मिळणाऱ्या मदतीची. अशा मुलाला दत्तक घेतले तर मृत बापाचे नाव त्याच्या दाखल्यावरून जाते. वडिलांचे नाव एवढेच ज्याच्यापाशी उरले आहे, त्याच्याकडून तेही काढून घेण्याची घाई कोणी का करावी? पालकाला न्यायालयापुढे मिळकतीचा हिशेब द्यावा लागतो, जमीन विकण्यास परवानगी काढावी लागते, हे खरे. पण त्या बंधनाचा जाच होतो तो बहुधा त्यालाच, ज्याचा डोळा जमिनीवर असतो.

उलट, जेथे मुलाला खरोखर दुसरे कोणी नाही, किंवा ज्या मावशीला ते तान्हे असल्यापासून आई म्हणते, तेथे ‘आमच्यात कागद कशाला’ म्हणून दत्तक टाळणे हाही तितकाच अन्याय आहे. जोतीराव फुल्यांइतका भटभिक्षुकांच्या विधींना झुगारणारा माणूस दुसरा दाखविता येणार नाही. परंतु विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला घरी वाढविल्यावर त्याचा हक्क त्यांनी केवळ प्रेमाच्या हवाली केला नाही, १८८७ साली मृत्युपत्र करून तो लिहून ठेवला. भावकी काय करू शकते याची त्यांना पुरी कल्पना होती.

ज्यांच्या घरात असे एखादे मूल वाढत असेल त्यांनी कागद आजच काढून पाहावा. पंधरा वर्षे उलटली की हिंदू दत्तकाचा सरळ रस्ता बंद होतो, अठरा उलटली की बाल न्याय कायद्याचाही. चुलता, आत्या, मामा, मावशी आणि आजीआजोबा यांना नात्यातले मूल दत्तक घेण्याची स्वतंत्र सोय या दुसऱ्या कायद्यात आहे, आणि ती स्वतःची मुले असणाऱ्यांनाही खुली आहे. दत्तक नको असेल तर पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालयात करावा. दोन्हींची माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण कक्षात मिळते, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने मुलांना आणि स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न न पाहता, तेथे मोफत वकील मिळतो.